रुळांआधी मार्ग : कोल्हापूरच्या हलक्या रेल्वेचा विचार

हलकी रेल्वे म्हणजे रस्त्याच्या पातळीवर, स्वतःसाठी राखलेल्या पट्ट्यातून, रुळांवरून धावणारी आणि विजेवर चालणारी छोटी गाडी होय. 1874 ते 1964 या काळात मुंबईत धावलेल्या ट्रामशी तिचे नाते जवळचे आहे; तथापि ट्राम इतर वाहनांच्या गर्दीत मिसळून चालत असे, तर हलक्या रेल्वेचा पट्टा शक्य तेथे तिच्यासाठीच राखलेला असतो. तिचा वेग, तिची वेळ पाळण्याची क्षमता आणि प्रवाशांचा तिच्यावरील विश्वास या तिन्ही गोष्टी त्या राखीव पट्ट्यावर अवलंबून असल्यामुळे, अशा रेल्वेसाठी लोकमत उभे करणाऱ्या शहराने पहिली मागणी गाडीची करावी की मार्गाची, हा प्रश्न कोल्हापूरच्या संदर्भात नीट तपासला पाहिजे.

2011 च्या जनगणनेनुसार कोल्हापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे 5 लाख 49 हजार होती. परंतु शहराचे रोजचे जगणे या हद्दीत मावत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत जाणारे कामगार, गांधीनगरच्या बाजारपेठेतील व्यापारी, आसपासच्या गावांतून विद्यापीठात व महाविद्यालयांत येणारे विद्यार्थी आणि अंबाबाईच्या दर्शनाला येणारे भाविक हे सारे मध्यवर्ती बसस्थानक, दसरा चौक, बिंदू चौक अशा मोजक्या ठिकाणी एकमेकांना येऊन भिडतात. जुन्या पेठांतील रस्ते घरे पाडल्याशिवाय रुंद होऊ शकत नाहीत, आणि घरे पाडली तर ज्या शहरासाठी रस्ता हवा ते शहरच उरत नाही. त्यामुळे आहे त्याच रुंदीतून अधिक माणसे नेणे हा एकच मार्ग उरतो.

या विचारावर पहिला आक्षेप आकाराचा घेतला जातो, कारण मेट्रोसारख्या साधनांचा विचार साधारणपणे 20 लाखांच्या पुढील शहरांनी करावा, असा संकेत आपल्या नियोजनात रूढ आहे. या संकेतामुळे राहणारी पोकळी ओळखून केंद्र सरकारने 2019 मध्ये ‘मेट्रोलाइट’ या हलक्या रेल्वेसाठी आणि 2020 मध्ये ‘मेट्रो निओ’ म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या रबरी चाकांच्या गाडीसाठी मानके ठरवली. गर्दीच्या एका तासात एका दिशेने जाणारे प्रवासी हे अशा साधनांचे माप असते, आणि त्या मापाने मेट्रोलाइट सुमारे 15 हजारांपर्यंत, तर निओ सुमारे 8 हजारांपर्यंत प्रवासी नेण्यासाठी योजलेली आहे. मात्र नाशिकच्या निओसाठी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटी रुपयांची तरतूद जाहीर होऊनही त्यानंतरची वर्षे गाडीविनाच गेली, यावरून मानके आणि घोषणा यांच्या बळावर कोणतेही शहर हलत नाही, हे ध्यानात येते.

युरोपातील मध्यम शहरांनी या बाबतीत वेगळी वाट चोखाळली. फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग या सुमारे पावणेतीन लाख वस्तीच्या शहरात 1960 मध्ये बंद पडलेली ट्राम परत आणावी की भुयारी मेट्रो बांधावी, हा 1989 च्या नगरपालिका निवडणुकीतील कळीचा मुद्दा ठरला. ट्रामचा पुरस्कार करणाऱ्या कातरीन ट्रॉटमान निवडून आल्या आणि 1994 मध्ये नवी ट्राम सुरू झाली. जर्मनीतील कार्ल्सरूह येथे 1992 पासून शहरातील ट्राम मुख्य रेल्वेच्या रुळांवर चढून आसपासच्या गावांपर्यंत जाऊ लागली, म्हणजे जुन्याच लोहमार्गातून नवी सेवा निर्माण झाली. कोल्हापूरसाठी हे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण 1891 मध्ये संस्थानाच्या मालकीचा म्हणून सुरू झालेला कोल्हापूर–मिरज लोहमार्ग वळिवडे, रुकडी, हातकणंगले आणि जयसिंगपूर यांना आजही जोडतो व त्याचे विद्युतीकरणही झालेले आहे. तो एकेरी असल्यामुळे तेथे दर काही मिनिटांनी गाडी सोडणे दुहेरीकरणाशिवाय कठीण असले, तरी जमीन, रूळ आणि वीज या तीन खर्चीक गोष्टी तेथे आधीच असल्याने अभ्यासाचा आरंभ येथूनच होणे युक्त ठरेल.

अशा मार्गासाठी लोकमत उभे करताना कोल्हापूरची आंदोलनाची परंपरा उपयोगी पडू शकते, पण तिचे स्वरूप समजून घ्यावे लागेल. सुमारे 220 कोटी रुपयांच्या आणि जवळपास 50 किलोमीटरच्या रस्ते प्रकल्पावरील टोलविरुद्ध एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आदींच्या नेतृत्वाखाली शहर रस्त्यावर उतरले आणि शेवटी शासनाला टोल रद्द करावा लागला. हा नकाराचा विजय होता, आणि नकाराला एक मुहूर्त, एक नाका व एक प्रतिपक्ष पुरतो. याउलट उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतील वकिलांनी व नागरिकांनी चार दशकांहून अधिक काळ रेटा लावल्यावर ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले; तेथे मागणी ‘हवे’ची होती आणि तिला चिकाटी, आकडेवारी व पिढ्यान्‌पिढ्यांची साथ लागली. वाहतुकीची चळवळ याच दुसऱ्या जातीची आहे.

म्हणून तिची पहिली मागणी मार्ग राखण्याची असावी. शहराच्या विकास आराखड्यात आणि 2017 मध्ये स्थापन झालेल्या नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या 42 गावांच्या नियोजनात सलग पट्टा आरक्षित झाला, तर रूळ येईपर्यंत त्यावरून केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या परिवहन सेवेच्या, बसगाड्या वेळेवर धावू शकतील आणि प्रवासी संख्या प्रत्यक्षात मोजली जाईल. पट्टा राखला नाही, तर पुढे जमिनीच्या किमतीच प्रकल्पाचा गळा घोटतील. पुण्याने 2006 मध्ये जलद बससेवेसाठी देशात अग्रक्रमाने राखीव मार्गिका केल्या, परंतु त्या मार्गिकांना राखणदार लाभला नाही आणि त्यांत इतर वाहने घुसत राहिली. कागदावर आखलेला पट्टा लोकांनी राखला तरच टिकतो, हा त्या अनुभवाचा धडा आहे. शिवाय कोल्हापूरच्या मार्गाला पंचगंगेचा विचार करावाच लागेल. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, आणि नुसता भराव टाकून मार्ग उंच केला तर पाणी अडून गावांत पसरते, त्यामुळे पुराला वाट देणारी मोऱ्या-पुलांची रचना हा मागणीचा अविभाज्य भाग असला पाहिजे.

हद्दवाढीच्या वादात शहर आणि गावे अनेक वर्षे एकमेकांसमोर उभी आहेत, कारण हद्द वाढली की कर वाढेल, पण सेवा येईलच याची खात्री गावांना वाटत नाही. राखीव मार्ग हद्दीची वाट न पाहता गावापर्यंत पोहोचू शकतो. आधी सेवा देऊन मग सहभाग मागणारे शहर त्याच्या रूपाने गावकऱ्यांना दिसेल. ज्या संस्थानाने 1891 मध्ये स्वतःचा लोहमार्ग केला, त्याच्या वारस शहराने आपल्या मार्गाची आखणी दिल्ली-मुंबईच्या घोषणेवर सोडून देऊ नये. गाडी कोणती घ्यायची, हा निर्णय पुढील पिढी घेईल, पण तिच्यासाठी जागा मोकळी ठेवणे हे आजच्या पिढीचे कर्तव्य आहे.