चांद्याच्या राजांची साक्ष

एकाच पक्षाचें म्हणणें ऐकून निकाल देणाऱ्यास आम्ही न्यायाधीश म्हणत नाहीं. चांद्याच्या गोंड राजांचा निकाल मात्र इतिहासानें बहुधा तसाच दिला आहे. अबुल फजलानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे स्वार एक हजार, पायदळ चाळीस हजार आणि वैरागडची हिऱ्यांची खाण एवढें टिपलें. बादशाही हिशेबास जें मोजण्याजोगें वाटलें तेंच तें! १७५१ मध्यें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, आणि लेखणीहि जेत्याच्या हातीं गेली. पुढें १८६९ च्या सुमारास मेजर ल्यूसी स्मिथ यांनीं वंशावळ जुळविली ती मुख्यतः परंपरेवरून. तिचा आरंभ इ. स. ८७० पर्यंत नेणें मागाहूनच्या अभ्यासकांस पटलें नाहीं. जो तळें बांधील त्यास त्या पाण्यानें भिजेल तेवढी जमीन, असा हिरशहाचा हुकूम होता म्हणतात. गोष्ट मोठी गोड. पण तिला सनदेचा आधार हवा.

तेव्हां चंद्रपूर-गडचिरोलीकडील एखाद्या घरांत जुना रुमाल निघाला, तर तो कोणाचा? कागद त्या घराण्याचा खरा. परंतु त्यांत तळें खणणाऱ्याचीहि साक्ष असूं शकेल. पूर्वजाची लबाडी उघडी पडेल म्हणून पत्र दडविणें आम्हांस तें जाळण्याइतकेंच वाईट वाटतें. मूळ कागद घरींच असूं द्यावा, नक्कल मात्र मागेल त्यास द्यावी. आणि ती करतांना शिक्का, खाडाखोड, पाठीवरचा किरकोळ हिशेबहि गाळूं नये.