तोच हा, पण कोण?

आपला अधिकार दुसऱ्याकडे सोपवताना, ज्याच्याकडे तो जातो त्याची ओळख माणसाला कितपत पटलेली असावी, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे तसाच प्रमाणशास्त्राचाही, म्हणजे ज्ञान कशावरून खरे मानावे याचा विचार करणाऱ्या शास्त्राचाही आहे. संगणकावर बसवलेला एखादा प्रोग्राम, मग तो टपाल वाचण्याचा असो वा फायलींच्या प्रती दूरच्या सर्व्हरवर ठेवण्याचा, वापरकर्त्याच्या वतीने वेबसेवेत प्रवेश मागतो, तेव्हा हा प्रश्न फार नेमक्या रूपात समोर येतो.

पूर्वी असे प्रोग्राम थेट पासवर्डच मागत. पासवर्ड देणाऱ्याने काही कामे सोपवलेली नसतात, तर त्या सेवेपुरते आपले सारे कर्तेपण देऊन टाकलेले असते. त्याला मर्यादा नसते आणि पासवर्ड बदलल्याशिवाय ते परतही घेता येत नाही. २०१२ साली प्रमाणित झालेल्या ओऑथ २.० या पद्धतीत वापरकर्ता सेवेच्या स्वतःच्या पानावर आपली ओळख पटवतो आणि प्रोग्रामला केवळ टोकन मिळते, म्हणजे ठरावीक कामांपुरता आणि स्वतंत्रपणे रद्द करता येणारा परवाना.

परवाना मर्यादित झाला, तरी तो कोणाला दिला हे कळतेच असे नाही. सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम आपले गुपित जपू शकतो. घरोघरच्या संगणकांवर ज्याच्या प्रती पोहोचतात, त्याच्या पोटात दडवलेले गुपित कोणीही उकलून काढू शकतो. म्हणूनच ओऑथविषयीच्या २०१७ च्या आरएफसी ८२५२ या दस्तऐवजाने अशा गुपिताला गुपित मानू नये असे स्पष्ट केले. ज्ञान कशावरून खरे मानावे, यावर भारतीय दर्शनांतही वाद आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाध येईपर्यंत तसेच राहते. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून, पुढच्या यशस्वी व्यवहारावरून ठरते. ‘मी अमुक आहे’ या प्रोग्रामच्या विधानाबाबत नैयायिकांचीच सावधगिरी योग्य ठरते.

२०१५ साली आलेली पीकेसीई ही युक्ती याच वाटेने जाते. प्रोग्राम प्रत्येक वेळी एक नवे यादृच्छिक अक्षरसूत्र तयार करतो आणि आरंभी त्याचा फक्त गणिती ठसा पाठवतो, ज्यावरून मूळ सूत्र काढता येत नाही. टोकन घेताना मात्र तो मूळ सूत्र सादर करतो आणि सर्व्हर दोन्ही ताडून पाहतो. यातून सिद्ध होते ते इतकेच, की ज्याने मागणी सुरू केली तोच ती पूर्ण करत आहे. भारतीय दर्शनांत या ‘तोच हा’ अशा ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हणतात. तिच्या आधारे नैयायिक टिकून राहणारा आत्मा सिद्ध करू पाहतात, तर क्षणिकवादी बौद्धांच्या मते ती केवळ सादृश्यावर उभी असते आणि एकत्वाची साक्ष देत नाही. येथे बौद्धांचा आक्षेप जड वाटतो, कारण सूत्र ज्याच्या हाती असेल त्याला सर्व्हर ‘तोच’ म्हणणार, मग ते त्याने चोरलेले का असेना. आणि चोरी झाली नसली तरी ‘हा कोण’ हे अनुत्तरितच राहते.

त्याचे उत्तर देऊ शकेल असा एकच जण या व्यवहारात आहे. प्रोग्राम कोठून आणला आणि आत्ता तो आपणच सुरू केला का, हे वापरकर्त्याला ठाऊक असते. सर्व्हरला ते कधीच दिसत नाही. प्रोग्रामच्या ओळखीची खात्री नसेल तर वापरकर्त्याला न विचारता परवाना देऊ नये, असे आरएफसी ८२५२ हाच दस्तऐवज सांगतो, आणि टंकलेला पासवर्ड प्रोग्रामला वाचता येऊ नये म्हणून संमतीचे पान प्रोग्रामच्या खिडकीत न उघडता स्वतंत्र ब्राउझरमध्ये उघडावे, असाही त्याचा आग्रह आहे. वारंवार विचारणे ही गैरसोय समजून तो प्रश्न काढून टाकणारे रचनाकार या व्यवहारातला एकमेव जाणता साक्षीदारच बाजूला सारतात. संमतीच्या पानावर प्रोग्रामचे नाव आणि मागितलेले अधिकार तर सोप्या भाषेत असावेतच, पण ‘ही मागणी तुम्हीच सुरू केली आहे का’ हा प्रश्नही तेथे ठळकपणे विचारलेला असला पाहिजे.