दुसऱ्याचे दुखणे खरे मानावे काय?

आळंद तालुक्यातील खजुरीच्या शिवारात तूर कापणारा मनुष्य दिवसभर कमरेत वाकलेला असतो. अशा एखाद्याच्या मणक्याचे ऑपरेशन सोलापुरास वा कलबुर्गीस होते. टाके निघतात, फोटो चांगला येतो. तरीही वर्षाने तो रात्रभर कूस बदलीत कण्हतो. घरचे म्हणतात, "डॉक्टर तर बरे आहे म्हणतात, मग दुखते कसले?" मंडळीतही कुजबूज होते की, गडी कामचुकार झाला. जे दुखणे दिसत नाही ते खरे नव्हे काय?

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर शेकडा १० ते ४० रोग्यांचे दुखणे राहते वा परतते, असे निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे. कधी मज्जातंतूभोवती व्रण धरतो, कधी दबलेला तंतू पूर्ववत होत नाही. अशांसाठी पुन्हा मोठी चिरफाड न करता सुईने करावयाचे उपाय आहेत. एक्स-रेच्या पडद्यावर पाहून तंतूजवळ औषध सोडतात. मणक्याच्या लहान सांध्यातील वेदना वाहणारा तंतू उष्णतेने निकामी करतात. पण तो काही महिन्यांनी पुन्हा वाढतो. १९६७ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूला सौम्य वीज देणारे यंत्र प्रथम बसविले. आज त्याची तार सुईवाटे सरकवून काही दिवस परीक्षा घेतात आणि दुखणे सामान्यतः निम्म्याने उतरले, तरच यंत्र कातडीखाली कायमचे बसवितात.

पण निम्म्याने उतरले हे कळते कसे? वेदना मोजणारी पट्टी कोणाजवळ नाही. डॉक्टर विचारतात, "दहापैकी किती दुखते?" आणि रोगी सांगेल ते लिहून घेतात. एवढे महागडे यंत्र बसवावे की नाही, हे अखेर त्या दुखणेकऱ्याच्या शब्दावर ठरते!

मग आपण, त्याच्या घरच्यांनी व मंडळीने, तो शब्द का मानू नये? एखादा सोंग करीलही. पण एकाकडून फसलो तर आपले थोडेच जाते; खऱ्या दुखणेकऱ्याला खोटे ठरविले तर त्याच्या वेदनेत आपण भर घालतो. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ते मित्र होते. कारणे सांगू लागले आणि ओझे झाले.

तेव्हा, रविवारच्या शाळेतील शिक्षकहो, मुलांना एवढे शिकवू या: आजाऱ्याला "अजून बरे वाटत नाही?" असे विचारू नये; "आज किती चालता आले?" असे विचारावे, आणि उत्तर खरे मानावे.