शेवटचे मागणे



नोव्हेंबर हा मृतांसाठी प्रार्थना करण्याचा महिना. २ नोव्हेंबरला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो, फुले वाहतो. पण आपल्या स्वतःच्या मरणाविषयी घरात कोणी शब्द काढला, की ‘अभद्र बोलू नका’ म्हणून त्याला गप्प केले जाते. मग एक दिवस मरण दारात येते आणि नातेवाइकांत वाद सुरू होतो. एक भाऊ म्हणतो पुरायचे, दुसरा म्हणतो दहन करायचे. आपल्याकडे तर एकाच घरात वेगवेगळ्या धर्मांचे सोयरे असतात. ज्याच्याविषयी वाद चालला आहे, तो मात्र आता बोलू शकत नाही.

आपल्या अंत्यविधीविषयी इच्छा सांगून ठेवणे हे अभद्र नाही. पवित्र शास्त्रात याकोबाने मरणापूर्वी योसेफाला शपथ घालून सांगितले, की मला मिसर देशात पुरू नका, पूर्वजांजवळ न्या. संत मोनिकाने आफ्रिकेत आपल्या पतीशेजारी स्वतःसाठी जागा करून ठेवली होती. परंतु इ. स. ३८७ मध्ये इटलीतील ओस्तिया येथे आजारी पडल्यावर तिने मुलांना सांगितले, की माझा देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. याकोबाला जागा महत्त्वाची वाटली, मोनिकाला प्रार्थना. दोघांच्याही इच्छेमागे श्रद्धाच होती.

घरभेटींमध्ये या बाबतीत तीन प्रश्न वारंवार विचारले जातात.

पहिला प्रश्न : फादर, कॅथलिक माणसाचे दहन केलेले चालते का?

होय. १८८६ पासून ख्रिस्तसभेने दहनाला मनाई केली होती, कारण त्या काळी युरोपात काही मंडळी पुनरुत्थान नाकारण्यासाठी मुद्दाम दहनाचा प्रचार करीत होती. ५ जुलै १९६३ रोजी ही मनाई शिथिल झाली आणि १९८३ च्या धर्मविधिसंहितेत तेच कायम राहिले. दफनाची प्रथा ख्रिस्तसभेला अधिक प्रिय आहे, कारण प्रभू येशूलाही कबरेत ठेवले होते. परंतु ख्रिस्ती श्रद्धेला विरोध म्हणून दहन निवडले नसेल, तर त्यात पाप नाही. कोरोनाच्या साथीत, जुलै २०२० मध्ये, केरळातील अलप्पुळा धर्मप्रांताने मृतांचे दहन करून अस्थी चर्चच्या दफनभूमीत पुरण्याची परवानगी दिली. आपल्या लातूर भागाने तर ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप पाहिला आहे. किल्लारी परिसरात तेव्हा कितीतरी देह एकत्रच अग्नीच्या स्वाधीन करावे लागले. त्यांना देव विसरेल असे कोण म्हणेल? ज्याने मातीतून माणूस घडवला, त्याला राखेतून उठवणे जड नाही.

दुसरा प्रश्न : मग राख गोदावरीत सोडली तर?

आपले शेजारी मोठ्या भक्तीने अस्थी गोदामाईला अर्पण करतात. त्यांच्या भावनेचा आपण आदर करतो. आपली रीत मात्र वेगळी आहे. इ. स. १७७ मध्ये लिऑन शहरात छळ करणाऱ्यांनी ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकली. हे पुन्हा कसे उठतात ते पाहू, असा त्यांचा हेतू होता. त्यामुळे हुतात्म्यांचे काहीही बिघडले नाही. बिघडले असेल तर मागे राहिलेल्यांचे, कारण डोके टेकवायला त्यांना जागा उरली नाही. म्हणूनच २०१६ च्या सूचनापत्रात रोमने सांगितले, की राख विखरू नये, वाटून घेऊ नये, घरी ठेवू नये, तर पवित्र जागी ठेवावी. डिसेंबर २०२३ मध्ये एवढी मुभा मिळाली, की अनेकांची राख एका सामाईक पवित्र जागी ठेवता येईल आणि धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने अगदी थोडा अंश मृताच्या जिव्हाळ्याच्या जागी ठेवता येईल. ज्याचा बाप्तिस्मा नाव घेऊन झाला, त्याचे नाव कुठेतरी वाचता आले पाहिजे, हा यामागचा विचार आहे.

तिसरा प्रश्न : मला देहदान करायचे आहे. चर्च मला नाकारील का?

मुळीच नाही. कॅथलिक धर्मशिक्षण मरणोत्तर अवयवदानाला पुण्यकर्म मानते, आणि वैज्ञानिक अभ्यासासाठी शवविच्छेदनालाही परवानगी देते. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी गावी जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे २०१० मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांच्या संकल्पाप्रमाणे देह दिल्लीच्या एम्समध्ये अभ्यासासाठी देण्यात आला. आपल्याला तर दूर जायला नको. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे विष्णुपुरीतच आहे. तिथे शिकणारी मुले माणसाचे शरीर कोणाच्या तरी देहावरच शिकतात. मात्र घरच्यांना आधी विश्वासात घ्या. अपघाती मृत्यू किंवा संसर्गजन्य रोग असेल तर महाविद्यालय देह स्वीकारीलच असे नाही, म्हणून दफनाची इच्छाही लिहून ठेवा. अभ्यासानंतर अवशेषांचे काय होते, हेही विचारून घ्या. नेत्रदान करायचे असेल तर मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत कळवावे लागते. तेव्हा रडणाऱ्यांमध्ये एकाला तरी हे ठाऊक असले पाहिजे.

प्रिय बंधुभगिनींनो, पोप फ्रान्सिस यांनी २९ जून २०२२ रोजी आपली शेवटची इच्छा लिहून ठेवली : रोममधील संत मरिया मेजर मंदिरात साधी कबर, तीही जमिनीत, सजावट नको, फक्त नाव. २६ एप्रिल २०२५ रोजी त्यांना तसेच पुरण्यात आले. आपल्याकडे मात्र शवपेटी भारी हवी, जेवणावळ मोठी हवी, म्हणून माणसे कर्ज काढतात. ‘माझ्यासाठी कर्ज काढू नका, त्याऐवजी एक मिस्सा अर्पण करा,’ एवढे एक वाक्य लिहून ठेवले तरी ते मुलांवर मोठे उपकार ठरतील.

तेव्हा या आठवड्यात एक साधा कागद घ्या. दफन, दहन की देहदान, कुठे, कोणत्या प्रार्थना, खर्च किती, हे लिहा. घरी मोठ्याने वाचून दाखवा आणि एक प्रत चर्चच्या कार्यालयात द्या. आणि मुलांनो, आईवडील बोलू लागले तर त्यांना गप्प करू नका. ऐकून घेणे हीसुद्धा सेवाच आहे.

अरिमथाईकर योसेफाने स्वतःसाठी खोदलेली कबर प्रभूला दिली. तिसऱ्या दिवशी ती रिकामी होती. आपली शेवटची जागा कोणतीही असो, तीही कायमची नाही.

हे प्रभो, आमच्या मृतांना सार्वकालिक विसावा दे आणि आम्हांला चांगले मरण दे. आमेन.

आपले धर्मगुरू