पदवी आणि प्रसाद

इंग्रजी वाङ्मय हा विद्यापीठाने पदवी देण्याजोगा विषय आहे काय, हा प्रश्न आज आपल्याकडे कोणी विचारीत नाही. कारण ज्या विषयाचा अभ्यासक्रम छापलेला आहे, ज्याचे परीक्षक नेमलेले आहेत आणि ज्याच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दर उन्हाळ्यात इकडून तिकडे रवाना होतात, त्याच्या अधिकाराविषयी शंका काढण्याची आपली रीत नाही. परंतु खुद्द ऑक्सफर्डमध्ये १८८७ साली या प्रश्नावर कडाक्याचा वाद झाला होता, आणि एडवर्ड फ्रीमन या इतिहासाच्या प्राध्यापकाने त्या वेळी गुदरलेली तक्रार मला अद्याप निकालात निघालेली दिसत नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की माहितीची परीक्षा घेता येते, अभिरुचीची घेता येत नाही. तेव्हा भाषाशास्त्राचा भक्कम पाया नसलेल्या अशा पदवीत शेलेच्या घरगुती भानगडींविषयीच्या गप्पांखेरीज काही उरणार नाही. त्या खेपेस योजना बारगळली. पुढे १८९४ साली ती मंजूर झाली खरी, पण तिच्यात प्राचीन इंग्रजीची व्याकरणे आणि शब्दांच्या व्युत्पत्ती इतक्या भरण्यात आल्या, की फ्रीमन हरला आणि त्याची अट मात्र मान्य झाली, असेच म्हणावे लागते.

यातला विनोद असा, की जे ऑक्सफर्डला पचण्यास इतका विलंब लागला, ते हिंदुस्थानात फार आधी रुजू झाले होते. ७ मार्च १८३५ च्या ठरावाने बेंटिंकच्या सरकारने शिक्षणाचा पैसा इंग्रजी विद्येकडे वळविला आणि १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. येथल्या लोकांच्या धर्मात हात घालावयाचा नाही, हे कंपनी सरकारचे धोरण असल्याने सरकारी शाळेत बायबल शिकविण्याची सोय नव्हती. मग ज्या नीतीची शिकवण उघडपणे देता येत नव्हती ती मिल्टन आणि शेक्सपिअर यांच्या हातून आडवाटेने पोचेल, अशी अपेक्षा अनेक अधिकाऱ्यांनी आणि मिशनऱ्यांनी बाळगली. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ सालच्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाची दप्तरे उलगडून दाखविली आहेत. म्हणजे हा विषय जन्मतःच धर्माच्या बदलीवर आलेला कारकून होता. त्याच्या हाती शिक्का होता, पण गादी दुसऱ्याची होती.

हीच गोष्ट पुढे इंग्लंडात मॅथ्यू आर्नल्डने उघड बोलून दाखविली. पस्तीस वर्षे शाळांच्या तपासणीची नोकरी केलेल्या या कवीने १८८० साली असे प्रतिपादन केले, की धर्ममते डळमळू लागलेल्या काळात मनुष्याला आधार आणि सांत्वन यांसाठी उत्तरोत्तर काव्याकडेच वळावे लागेल, आणि आज धर्म व तत्त्वज्ञान म्हणून जे चालते त्यातले पुष्कळसे काम काव्याकडे जाईल. आर्नल्डची कळकळ अस्सल होती, यात मला शंका नाही. पण श्रद्धेचे ओझे उचलण्यास त्याने जो खांदा पुढे केला, तो त्या ओझ्यासाठी घडलेला नव्हता. उत्तम वाचकाच्या हातून उत्तम आचरण घडेलच, अशी हमी कोणते काव्य देते? महायुद्धानंतर समीक्षक जॉर्ज स्टाइनर यांनी ज्यांच्याकडे बोट दाखविले, ते संध्याकाळी गटे आणि रिल्के वाचून सकाळी आउश्वित्झच्या कामावर रुजू होणारे लोक अडाणी नव्हते. वाङ्मयाच्या परीक्षेस बसते तर कदाचित वरच्या वर्गात उत्तीर्ण झाले असते.

आपल्याकडे माधवराव रानडे यांनी १८६८ पासून सुमारे तीन वर्षे एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी शिकविले, आणि त्याच काळात ते प्रार्थना समाजाच्या कार्यातही होते. त्यांची धर्मपर व्याख्याने वाचली म्हणजे ध्यानात येते, की ईश्वराविषयी बोलताना हा इंग्रजीचा प्राध्यापक आधार शोधी तो तुकोबांच्या अभंगांत. दोन खाती त्यांनी वेगळी ठेविली होती, आणि मला ती तशीच ठेवलेली बरी वाटतात.

आपल्या काव्यशास्त्राने या बाबतीत अधिक सावधपणा दाखविला आहे. अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या सतत अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला असतो तो सहृदय. आरसा स्वच्छ होतो, एवढेच तो सांगतो. आरशात पाहणाऱ्याचा चेहरा सुधारतो, असे नाही. मी स्वतः पुष्कळ वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, आणि हॅम्लेटच्या द्विधा मनःस्थितीवर सोळापैकी बारा गुण देताना त्या लिहिणाऱ्याच्या मनाचा आरसा किती उजळला आहे हे मला एकदाही कळलेले नाही.

हे वाचण्याविषयी झाले. लिहिण्याची पदवी म्हटली की प्रश्न आणखी अवघड होतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने उच्च पदवीसाठी प्रबंधाऐवजी सर्जनशील लेखन स्वीकारण्याची तयारी १९२२ सालीच दाखविली आणि १९३६ मध्ये तेथे लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली; इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने तसा वर्ग १९७० साली काढला आणि त्यात पहिल्या वर्षी पुढे नावाजलेला कादंबरीकार इयन मॅक्युअन बसला. प्रतिभा कोठे वर्गात शिकविता येते काय, असे म्हणून आपण हे हसण्यावारी नेतो. परंतु अकराव्या शतकातल्या काश्मिरी मम्मटाने काव्याची कारणे सांगताना शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा, लोक-शास्त्र-काव्यादींच्या अवलोकनाने येणारी निपुणता आणि जाणत्यांच्या शिकवणुकीनुसार केलेला अभ्यास अशी तीन नावे घेतली, आणि तीन नावे घेऊनही हेतू हा शब्द मात्र एकवचनी ठेवला. आपल्या वृत्तीत त्याने स्वतःच या एकवचनावर बोट ठेवून म्हटले आहे, की ही तीन कारणे सुटी नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण होते. तसे असेल तर विद्यापीठाला त्यातली दोन देता येतात आणि तिसरे, म्हणजे शक्ती, देता येत नाही, म्हणून त्याला हसण्याचे कारण नाही. हसावे ते त्याने तिसऱ्याचाही दाखला देऊ केला तर.

हा भेद वर्गात बसून ज्या विद्यार्थिनीने नीट ओळखला, ती फ्लॅनरी ओकॉनर. जॉर्जियाची ही कॅथॉलिक मुलगी १९४५ साली आयोवाला आली ती पत्रकारितेसाठी. पण लवकरच ती कार्यशाळेचे संचालक पॉल एंगल यांच्या दारात जाऊन उभी राहिली. तिचे दक्षिणी उच्चार त्यांना काही केल्या कळेनात, तेव्हा त्यांनी तिला म्हणणे कागदावर लिहून देण्यास सांगितले, आणि लेखनाच्या वर्गात प्रवेश मिळावा हा तिचा अर्ज असा लेखीच दाखल झाला. वर्गात तिच्या कथा वाचल्या जात, त्यांवर टीका होई, ती खरडून पुन्हा लिही. आणि जवळपास रोज सेंट मेरीज चर्चमध्ये मिसेला जाई. जानेवारी १९४६ पासून सप्टेंबर १९४७ पर्यंत तिने एका साध्या वहीत देवाला उद्देशून प्रार्थना लिहिल्या. त्यांत ती चांगली लेखिका होण्याचे दान मागते, आपली कथा कोठेतरी स्वीकारली जावी असेही निःसंकोच मागते, आपल्या महत्त्वाकांक्षेची तिला लाज वाटते आणि सामान्य प्रतीचे लिहून राहण्याची भीती वाटते. आणि जशी टंकलेखनयंत्राला कथेची मालकी नाही तशी आपल्यालाही नाही, हे आपण विसरू नये, अशी विनवणी ती करते.

येथे ज्ञानेश्वरांची आठवण मराठी वाचकाला झाल्यावाचून राहणार नाही. त्यांनी वाग्यज्ञ पुरा झाल्यावर विश्वात्मक देवाकडे जे मागितले ते विश्वासाठी. या वीस-एकवीस वर्षांच्या मुलीने आरंभीच मागितले आणि स्वतःसाठी मागितले. दोहोंत अंतर फार आहे, हे कबूल. पण लेखन ज्याच्याकडून येते त्याच्याकडे हात पसरावयाचा आणि लेखन ज्याने सुधारते त्या गुरूपुढे कागद ठेवावयाचा, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. कार्यशाळेकडून तिने प्रसादाची अपेक्षा केली नाही आणि देवाकडे विरामचिन्हांची तक्रार नेली नाही. आर्नल्डच्या वारसांना जे एका खिडकीवर मिळावेसे वाटले, त्यासाठी ती दोन दारांत उभी राहिली, आणि मला वाटते तिचेच बरोबर होते.

तेव्हा घरातल्या मुलाने किंवा मुलीने इंग्रजी वाङ्मयाला किंवा लेखनाच्या वर्गाला नाव घालावयाचे म्हटले, तर वडील मंडळींनी आडवे येऊ नये. मात्र त्या पदवीच्या कागदावर शहाणपणाची वा सद्वर्तनाची जामिनकी शोधू नये. ओकॉनरला १९४७ साली आयोवाची पदवी मिळाली ती सहा कथांच्या एका संग्रहावर. प्रार्थनांची ती वही कोणी परीक्षेला मागितली नाही; तिच्या मृत्यूला जवळजवळ अर्धे शतक लोटल्यावर, २०१३ साली, ती छापून निघाली.