नोंदीचा अधिकार

भूतकाळाचे ज्ञान ही विद्यापीठांची आणि सरकारी खात्यांची मिरास आहे, की त्या भूमीवर डोळे उघडे ठेवून वावरणाऱ्या प्रत्येकाचा त्यावर काही हक्क पोचतो, हा प्रश्न ज्या ज्या देशात पुरातत्त्वविद्या वाढीस लागली तेथे तेथे उपस्थित झालेला आहे. त्याचे सर्वांत समर्पक उत्तर, माझ्या मते, ओ. जी. एस. क्रॉफर्ड या इंग्रज संशोधकाच्या उभ्या आयुष्यात सापडते.

क्रॉफर्ड यांचा जन्म १८८६ साली मुंबईत, ब्रीच कँडीला झाला. वडील मुलकी नोकरीत होते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई निवर्तली आणि तीन महिन्यांच्या या अर्भकाला पुण्याच्या ख्रिस्ती मठाची प्रमुख असलेल्या आत्याच्या हवाली करून विलायतेस पाठवण्यात आले. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानदलात निरीक्षकाचे काम केले, १९१८ साली विमान पाडले जाऊन ते शत्रूच्या कैदेत पडले, आणि १९२० साली ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश भूमापन खात्यात पहिले पुरातत्त्व अधिकारी म्हणून रुजू झाले. नकाशांवर दाखवलेल्या प्राचीन अवशेषांच्या नोंदी पडताळून पाहण्याचे हे काम, सायकलवरून रानोमाळ हिंडणाऱ्या एकट्या अंमलदाराच्या आवाक्यातले नव्हते; म्हणून जागोजागच्या जाणत्या हौशी मंडळींना त्यांनी हाताशी धरले आणि आपल्या परिसरातील टेकाड, तट वा खंदक पाहून नकाशावर अचूक मांडण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. सरकारी दफ्तरात सामान्य नागरिकाच्या निरीक्षणाला पुराव्याचे मोल प्राप्त झाले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्याच सुमारास आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांनी या निरीक्षणाला नवी दृष्टी दिली. जमिनीत बुजलेल्या प्राचीन चराची माती खोल आणि ओल धरणारी असते, म्हणून तिच्यावरचे पीक उंच वाढते व अधिक काळ हिरवे राहते. पुरल्या गेलेल्या भिंतीवरचे पीक मात्र खुरटते आणि लवकर पिवळे पडते. आणि बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला जो केवळ पिकाचा चढउतार वाटतो, तोच वरून पाहणाऱ्याला वर्तुळ, चौकोन, रस्ता असा वाचता येतो. १९२५ च्या अखेरीस इन्सॉल या वैमानिकाने स्टोनहेंजजवळच्या एका शेतात अशीच वर्तुळाकार खूण हेरली. पुढच्या उन्हाळ्यात उभ्या गव्हातून ती स्पष्ट झाली. आणि डिव्हायझेसच्या कनिंग्टन दांपत्याने तेथे उत्खनन करताच लाकडी खांबांच्या खड्ड्यांची, एकात एक अशी सहा वर्तुळे उघडकीस आली. हेच आजचे वुडहेंज. या शोधात एक वैमानिक आणि एक हौशी जोडपे अग्रभागी होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

असे शोध ज्यांच्यापर्यंत पोचावेत आणि ज्यांच्याकडून पुन्हा नवे शोध यावेत, अशा वाचकांसाठी क्रॉफर्ड यांनी १९२७ साली ‘अँटिक्विटी’ हे त्रैमासिक काढले. कोणा धनिकाच्या आश्रयावर किंवा एखाद्या प्रकाशनसंस्थेच्या मर्जीवर विसंबून न राहता त्यांनी वर्गणीदारांच्या बळावर ते उभे केले, आणि आधी सरकारी नोकरी सांभाळून व पुढे निवृत्तीनंतरही, स्वतःच्या जबाबदारीवर, १९५७ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. विद्वानांनी सुबोध लिहावे हा त्यांचा आग्रह होता. परंतु सुबोधतेच्या नावाखाली सत्याशी तडजोड त्यांनी केली नाही. फ्रान्समधील ग्लोझेल येथील ‘प्राचीन’ वस्तूंनी मोठमोठे पंडित भारावलेले असताना, पहिल्याच वर्षी त्या बनावट असल्याचे त्यांनी निर्भीडपणे छापले. हौशी वाचकाचा खरा सन्मान त्याला गोंजारण्यात नसून त्याच्या हाती कसोटी देण्यात आहे, ही त्यांची भूमिका त्यातून दिसते.

येथे एक विवेक करणे अगत्याचे आहे. उत्खनन म्हणजे पुराव्याचा एकदाच करता येणारा उपभोग होय. उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही, म्हणून कुदळ हाती घेण्याचा अधिकार प्रशिक्षणानेच मिळाला पाहिजे. निरीक्षणाने मात्र भूमीचे काहीच खर्ची पडत नाही, आणि क्रॉफर्ड यांनी हौशी माणसाला जे मोठे क्षेत्र मोकळे करून दिले ते हेच. पाहून विसरणारा प्रेक्षक राहतो. पाहून, मोजून नोंद ठेवणारा संशोधक ठरतो, मग त्याला वेतन मिळो वा न मिळो.

नोंद जपण्याच्या कामी खातीही कमी पडू शकतात. नोव्हेंबर १९४० मध्ये साउदॅम्प्टन येथील ऑर्डनन्स सर्व्हेच्या कचेरीवर बाँब पडले आणि तेथले बरेचसे दफ्तर जळाले. क्रॉफर्ड यांनी आधीच नर्सलिंगमधील आपल्या घराच्या मोटारखान्यात हलवलेले नकाशे आणि छायाचित्रे मात्र वाचली. ज्ञानाचा साठा एकाच ठिकाणी असण्यापेक्षा अनेक हातांत असावा, याचा याहून रोकडा दाखला कोणता?

आपल्या देशात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु गावोगावच्या पांढरीच्या टेकाडांकडे, वीरगळांकडे, पडक्या तटांकडे पाहण्याला, त्यांची मापे घेण्याला, नकाशावर ठिकाण मांडून ते छापून प्रसिद्ध करण्याला अशा परवान्याची गरज नाही. नांगराखाली आणि बांधकामाखाली नाहीसे होणारे हे अवशेष कोणतेही एक खाते एकट्याने टिपू शकणार नाही. म्हणून असे काम करणारी माणसे तयार करणारे नियतकालिक निष्ठेने चालवणे, हे मी एखादे विद्यापीठ चालवण्याच्या तोडीचे लोकशिक्षण मानतो.