पेत्राची पंगत

याफो बंदरातल्या एका घराच्या गच्चीवर येशूचा प्रेषित पेत्र भर दुपारी प्रार्थनेला चढला आणि त्याला कडकडून भूक लागली. खाली स्वयंपाक होत होता. तेवढ्यात दर्शन झाले. आकाशातून चार कोपऱ्यांनी धरलेली चादर उतरते आहे आणि तिच्यात नाना तऱ्हेचे पशू, सरपटणारे जीव, पाखरे. ऊठ, मारून खा, अशी वाणी. पेत्राने साफ नकार दिला. असले विटाळाचे अन्न त्याच्या तोंडाला कधी लागले नव्हते. देवाने जे शुद्ध ठरवले त्याला तू अशुद्ध म्हणू नकोस, असे त्याला बजावले गेले. हे तीनदा घडले. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात ही हकीकत आहे.

घर होते कातडी कमावणाऱ्या शिमोनाचे. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध, म्हणून हा धंदा हलका समजला जाई, आणि घरही समुद्राच्या काठाला. अशी घरे कडेला का असतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. म्हणजे पेत्राने एक उंबरठा आधीच ओलांडला होता. तरी ताटाशी येऊन तो अडलाच. (परक्यांच्या निनवे शहराकडे जायचे टाळून योना ज्या बंदरातून पळाला, तेही हेच याफो.)

दर्शनाचा अर्थ लावत असतानाच दाराशी कैसरियाहून माणसे आली. त्यांना धाडणारा कर्नेल्य रोमी पलटणीतला शताधिपती, देवाला भिऊन वागणारा, दानधर्म करणारा. पण यहूदी नव्हे. पेत्राने त्या परक्यांना रात्रभर घरात ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी काही बांधवांसह त्यांच्याबरोबर निघाला. अंतर साधारण 50 किलोमीटर. कैसरियात कर्नेल्य पाया पडला, तेव्हा मीही माणूसच आहे, असे म्हणत पेत्राने त्याला उठवले. मग घरात जमलेल्या गोतावळ्यासमोर त्याने देव तोंडे पाहून माणसाची किंमत करत नाही, हे बोलून दाखवले. त्या घरात बाप्तिस्मे झाले आणि पेत्र तिथे काही दिवस राहिला.

यरुशलेमेत परतल्यावर त्याला जाब विचारला गेला. तक्रार बाप्तिस्म्याची नव्हती. सुंता न झालेल्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्या पंगतीला जेवलास, ही होती. परक्याने आपला देव मानला तर हरकत नाही, पण त्याच्या शेजारी पान मांडायचे म्हटले की पोटात ढवळते. लक्ष्मीबाई टिळकांना हे चांगले ठाऊक होते. वडिलांचे कडक सोवळे बघत त्या वाढल्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर मोडले. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथनात त्या काळाचे दुःख आहे, तसेच स्वतःच्याच सोवळ्यावरचे हसूही आहे. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मधला. कोणाच्याही हातचे खायचे हे मात्र त्यांनी त्याआधीच ठरवून टाकले होते. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

कारण उलट्या क्रमाचे काय होते, ते पेत्रानेच दाखवले. पुढे अंत्युखियात तो विदेशी ख्रिस्ती लोकांबरोबर बिनदिक्कत जेवत असे. मग यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली आणि त्यांच्या धाकाने तो हळूहळू बाजूला सरकला. बाकीचे यहूदीही सरकले. बर्णबासारखा मोठ्या मनाचा माणूसही वाहवत गेला. म्हणजे गच्चीवरचे दर्शन खोटे नव्हते. पेत्राला सत्य पटलेले होते आणि तरीही आपल्या माणसांच्या नजरेची भीती वाटत होती. पूर्वग्रह असाच टिकतो. तो मानणारे थोडे असतात, त्याला घाबरणारे पुष्कळ.

आपल्याकडेही अंत्युखिया शोधायला लांब जावे लागत नाही. गोव्यातल्या काही गावांत चर्चच्या कोंफ्रारी, म्हणजे भक्तमंडळेसुद्धा, जातीजातींत वाटलेल्या होत्या. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतही स्थळ बघताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच निघतो. प्रभुभोजनात एका भाकरीचे तुकडे सगळ्यांना मिळतात. सोयरिकीची बोलणी निघाली की पोथी निराळी. आणि मंडळीत कोणी हे उघड बोललेच, तर घरची गोष्ट वेशीवर टांगू नये, असे वडीलधारे समजावतात.

अंत्युखियात प्रेषित पौलाने ती टांगली. सर्वांसमक्ष, पेत्राच्या तोंडावर. शिवाय गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सगळा प्रकार नावानिशी नोंदवला. सगळ्यात थोर प्रेषिताची फजिती सांगणारे ते पत्र मंडळीने फाडले नाही, त्यातले नाव खोडले नाही; पवित्र शास्त्रात ठेवले आणि उपासनेत मोठ्याने वाचायला घेतले.